टाके सुकेपर्यंत

आमच्या वॉर्डात रडायला बंदी होती.

हे वाचून कुणाला वाटेल, हा वॉर्ड की तुरुंग? पण मी नोकरी केली ती परळच्या एका इस्पितळात, डोळ्यांच्या वॉर्डात, आणि त्या काळी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला परत, असं नव्हतं. बुबुळाच्या कडेने अर्धगोल काप घ्यायचा, आतला पिकलेला मणी अख्खा बाहेर काढायचा आणि केसासारख्या बारीक रेशमाने तो काप शिवायचा. इथे डॉक्टरांचं काम संपलं आणि आमचं सुरू झालं. टाके सुकेपर्यंत माणसाने उताणं पडून राहायचं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पट्टी दोन्ही डोळ्यांवर, कारण एक डोळा फिरला की दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, चावून खायचं नाही. आणि रडायचं नाही. रडताना माणूस पापण्या आवळतो, हुंदक्याने सगळं अंग दाबतो. तेवढ्याने टाका उसवतो आणि डोळ्याच्या आतलं बाहेर येतं. मग तो डोळा गेला म्हणून समजायचं.

माझी उमेदीची सगळी वर्षं त्या वॉर्डात गेली. झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या पापणीखाली थेंब सोडायचा हात माझ्याएवढा हलका दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे मी आता म्हातारपणी सांगितलं तर कुणाला राग येऊ नये. राग येण्यासारखी एकच व्यक्ती होती, फिलोमिना, माझ्याबरोबरची नर्स. तिचा हात माझ्याहून हलका होता असं तिचं म्हणणं. ती गेली या वर्षी. त्याआधी माझे यजमान गेले, थोरली बहीण गेली. आता वॉर्डातल्या गोष्टी ज्याच्याशी बोलाव्यात असं कुणी उरलं नाही. या अंकाच्या संपादकांनी गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती होत्याच, पण लिहायला बसले की मला दुसरंच आठवतं.

पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या माणसांचं एक असतं. रात्र कुठली, दिवस कुठला, ते कळेनासं होतं आणि मग गेलेली माणसं परत येतात. गिरगावातल्या एका वाडीत राहणारे एक पेन्शनर आमच्याकडे होते. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, बोलणं अगदी नेटकं. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टर, आपलं आडनाव काय?" पाणी पिण्यापूर्वी हा प्रश्न का येतो ते नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या मुलीला कळतं. मी म्हटलं, "वॉर्ड नंबर तेवढा माझा. पाणी देऊ की नको?" ते प्यायले. नंतर नंतर तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं घेईनात.

पट्टीच्या अंधारात या गृहस्थांना त्यांची बायको भेटली. ती वर्षापूर्वी वारलेली. "अगं, खिडकी लाव. वारा येतोय," असं सुरू झालं, मग दिवसभर गप्पा. भाजीत मीठ कमी काय, धाकट्या मेहुण्याच्या लग्नातलं भांडण काय. मी जवळ असले तर "हं" म्हणायची. डोकं फिरलं म्हणून फिलोमिना घाबरली, पण डॉक्टर म्हणाले, पट्टी निघाली की उतरेल. पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं वर केली, यांनी ती बरोबर मोजली. सगळे खूश. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तसं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, पुन्हा बांधता येईल का हो?"

मी त्यांची उशी सारखी केली आणि डॉक्टरांच्या मागे गेले. त्याच वॉर्डात पुढे सत्यभामाबाई आल्या.

सत्यभामाबाई लालबागच्या चाळीतल्या. लग्न होऊन कोकणातून मुंबईला आल्या आणि गिरणीत रिळिंग खात्यात, सुताच्या लडी गुंडाळायला, लागल्या. नवरा आणि पोटची दोन्ही मुलं केव्हाच गेलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की समोर माणूस आहे की खांब, ते समोरचा बोलल्यावर कळायचं. त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणलं ते येसूबाईने. ही त्यांची शेजारीण. एकाच खात्यात शेजारी शेजारी उभं राहून दोघींनी जन्म काढला आणि चाळीतही दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. येसूबाईही विधवाच. आईबाप लहानपणी गेलेला एक भाचा तिने वाढवला होता, दत्ता. तोही आता गिरणीत होता.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून येसूबाई रोज दुपारी पेज घेऊन यायची. भेटीची वेळ संध्याकाळची, पण आमच्या दारवानाने तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. ती खाटेवर वाकून फुलपात्राने पेज पाजायची आणि तोंडाचा पट्टा चालू.

"आ कर. आनी मोठा. काय गो, ल्हान पोर काय तू?"

"डोळे उघडले की पयला तुझाच थोबाड बघतलंय," सत्यभामाबाई म्हणायच्या.

"काय बघतलंस? म्हातारी झालंय मी. वळखूचंस नाय."

त्यावर सत्यभामाबाईंना हसू फुटायचं आणि मी लांबूनच ओरडायची, "हसायचं नाही!"

बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. गिरण्या बंद, दुकानं बंद. रस्त्यावरून मोर्चे जायचे तेव्हा "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा वॉर्डाच्या भिंतींवर आदळायची. डोळे बांधलेली माणसं कान टवकारून पडलेली. एखादा म्हातारा झोपल्या झोपल्या मूठ वर करायचा, आणि आम्ही ती खाली घ्यायची.

मग ती दुपार आली. आधी लांबून पळापळीचा आवाज, मग शिट्ट्या, मग काहीतरी फुटल्यासारखं. फिलोमिना खिडकीशी गेली आणि किंचाळलीच, "धूर! अश्रुधूर सोडलाय! खिडक्या!"

आम्ही खिडक्या ओढून घेतल्या, पण जुन्या लाकडी खिडक्या त्या, फटी सगळीकडे. पहिल्यांदा माझेच डोळे झोंबले, मग घसा. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खाकरलं. वॉर्डभर ताजे टाके घातलेले डोळे, आणि यातला एकेक जण आता खोकणार. आम्ही चादरी बादलीत बुचकळून खिडक्यांवर टाकल्या. ओले टॉवेल एकेकाच्या नाकातोंडावर धरले. मी एका खाटेशी, फिलोमिना दुसऱ्या, आया तिसऱ्या. "तोंडाने श्वास घ्या. सावकाश. खोकला आला तर गिळा." आम्हा तिघींच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. समोरचं धड दिसत नव्हतं. वॉर्डात त्या वेळी आम्हीच काय त्या आंधळ्या.

सत्यभामाबाईंच्या खाटेशी गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "येसू इली नाय?"

"रस्ते बंद आहेत. बोलू नका."

तेवढ्यात गोळीबाराचा आवाज आला. आधी तुटक, मग सलग. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली, पण मान हलली नाही.

त्या दिवशी एकही टाका गेला नाही. एवढ्या वर्षांत याहून मोठं काम मी केलं नाही, असं आजही वाटतं.

पुढे संचारबंदी लागली. ड्यूटी बदलायला दुसऱ्या नर्सेस येईनात, आम्हाला घरी जाता येईना. नायगावला माझे वडील आणि भाऊ, त्यांची काही खबर नाही. खाली जखमी येत होते. वर कुणी जिना चढून आलं की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली आणि दत्ता आला. डोक्यावर टोपी, कपाळापर्यंत ओढलेली. एरवी तो टोपी घालत नसे. व्हरांड्यातच भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आत्या गेली, सिस्टर."

"कुठे गेली?" मी इतकं खुळ्यासारखं विचारलं.

गल्लीच्या तोंडाशी गोळी लागली होती. मोर्चात ती नव्हतीच. हातात पेजेचा डबा होता. चाळीतल्यांनी जाऊ नको म्हणून परोपरीने सांगितलं, तर म्हणाली, ती उपाशी पडून राहिली असेल. पोलिसांच्या पहाऱ्यात चार माणसांनी तिला पोचवलं होतं. बोलताना दत्ताने टोपी जरा वर केली आणि मला त्याचं तासलेलं डोकं दिसलं.

मी त्याला तिथेच थांबवून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "टाके काढेपर्यंत एक अक्षर सांगायचं नाही. चाळीतल्या कुणाला आत सोडायचं नाही."

ड्यूटीरूममध्ये फिलोमिना माझ्यावर घसरली. "तू सांगून टाक. तिला उद्या कळलं की सगळे मिळून आपल्याशी खोटं बोलत होते, तर ती तुझ्या हातचं पाणी तरी घेईल?"

"आणि सांगितल्यावर डोळा फुटला तर?"

"डोळा तिचा आहे."

"माझ्या वॉर्डातला आहे," मी म्हटलं. ती औषधांचा ट्रे उचलून निघून गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

दत्ताला मी परत पाठवणार होते. पण व्हरांड्यात त्याने आयाला काहीतरी विचारलं आणि आतून हाक आली, "कोण तो? दत्तू रे?"

माणसाचे डोळे बांधले की कान किती लांब जातात हे मला माहीत असायला हवं होतं. आता त्याला आत नेण्यावाचून इलाज नव्हता. मी त्याच्या कानात सांगितलं, "आत्याला ताप आलाय. एवढंच." तो खाटेशी उभा राहिला. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"मावशी, आत्याला ताप आलाय. म्हणून मी आलो."

"खूप हा?"

"नाही. थोडासा."

"बरा. खाली वाक." त्यांनी हात वर केला. तो आला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची त्यांची रीत होती. दत्ता माझ्याकडे बघायला लागला. मी टोपीकडे बोट करून नको, काढू नको म्हणून खुणावलं. तो वाकला. त्यांचा हात टोपीवर टेकला, जरासा मागे गेला, मानेपाशी थांबला आणि परत खाली आला.

"जा रे बाबा. घराकडे जा. संभाळून जा," त्या म्हणाल्या.

सुटलो असं मला वाटलं.

तेव्हापासून पेज मी पाजायला लागले. आमच्या स्वयंपाकघरातली, येसूबाईच्या पेजेची सर तिला कुठली. पण सत्यभामाबाई मुकाट्याने पेला संपवायच्या. रोज एकदाच विचारायच्या, "ताप उतारलो?" मी सांगायची, उतरतोय. दुसऱ्या दिवशी सांगायची, अशक्तपणा आहे. खोटं बोलायचं म्हणजे ते दुसऱ्या दिवशी पुढे न्यावं लागतं. आजाऱ्याला पथ्याचं काय देतात, औषध कुणाचं, सगळं रचावं लागतं. त्या कधी उलट प्रश्न विचारत नसत. तेच मला जास्त टोचायचं.

भीती होती ती इतरांची. वॉर्डात वर्तमानपत्र आलं की मी आधी चाळून बघायची, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा आईला मोठ्याने वाचून दाखवायचा. रस्ते जरा मोकळे झाले त्या दिवशी चाळीतल्या दोन बायका दारवानाची नजर चुकवून वर आल्या. मी दुसऱ्या टोकाला होते. एकीने दारातून सत्यभामाबाईंना बघितलं, कपाळावर हात मारून घेतला आणि गळा काढायला तोंड उघडलं. मी कशी धावले ते मला आठवत नाही. माझा हात तिच्या तोंडावर घट्ट बसलेला, आणि मी तिला ढकलत व्हरांड्यात नेतेय, एवढंच आठवतं. ती बाई माझ्या तळहाताला चावली. बाहेर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती खाली बसून तोंडात पदर कोंबून रडली. मी परत आत गेले. सत्यभामाबाई म्हणाल्या, "कोण इला हुता?"

"चुकून आल्या होत्या. दुसऱ्या वॉर्डातल्या."

"बरा," त्या म्हणाल्या.

टाके काढायचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस उचलला, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघितलं. काप छान जुळला होता. बाहुली गोल, काळीभोर. टाके निघाले. उजेड दिसतोय, हात हललेला दिसतोय. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता सांग. सावकाश सांग."

पुन्हा हलकी पट्टी बांधली होती. मी खाटेशी नुसती उभी राहिले.

"बस गो बाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाय दुखत आसतीत."

मी बसले. "सत्यभामाबाई, एक सांगायचं होतं."

"येसूचा मां? माका ठावक आसा."

मी त्यांच्याकडे वाकले.

"दत्तू इलो त्या दिवसापासून ठावक आसा. टोपीच्या मागे हात गेलो तर केस नाय. त्येका आई नाय, बाप नाय. त्येच्या डोक्यावरचे केस आनी कोणासाठी जातले?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललंय आसतंय तर रडलंय आसतंय." त्या घोंगडीची कड बोटांनी चुरत होत्या. "माका हय हाताक धरून तिना हाडलान. मी नको म्हणत हुतंय. ह्यो डोळो तिचो गो. तो मी कसो फोडू?"

आम्ही त्यांना सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं. आणि त्या सगळे दिवस, सगळ्या रात्री, उताण्या पडून एकट्याने ते दाबून धरत होत्या. मी रोज तापाची गोष्ट सांगत होते आणि त्या ती ऐकून घेत होत्या.

मग त्यांनी ते विचारलं. मी ज्याला भीत होते ते. "खय लागली तिका? हय येत हुती ना?"

दत्ताने मला बजावलं होतं की हे कधीही सांगू नका. मी त्यांच्याकडे बघितलं. आणखी एक खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. पण सत्यभामाबाई ते रात्री पडल्या पडल्या चाचपून बघतील, आणि त्यांना ते कळेल, हे मला कळून चुकलं होतं.

"हो," मी म्हटलं. "इकडेच येत होती."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी डॉक्टर मुद्दाम परत आले आणि म्हणाले, आता थोडं रडलात तरी चालेल. सत्यभामाबाई म्हणाल्या, "आता येत नाय, डॉक्टर."

त्या घरी गेल्या. मला वाटलं होतं, इतकी खंबीर बाई, निभावेल. पण काही आठवड्यांनी दत्ता माझ्याकडे आला तो चेहरा उतरलेला. "मावशी भिंतीकडे तोंड करून बसते, सिस्टर. ताटाला हात लावत नाही. चाळीतल्या बायका येतात, रडतात, ही बघत राहते."

"भिंतीकडे का?"

"सकाळी उठली की आत्या भिंतीवर थाप मारायची. उठलीस का म्हणून. मग ही इकडून मारायची. आता ही पहाटेपासून तिथे बसते."

ड्यूटी संपल्यावर मी लालबागला गेले. खोली झाडलेली, भांडी उपडी, आणि त्या भिंतीशी. एवढ्याशा झाल्या होत्या. हाडाला कातडं चिकटलेलं. मी चष्म्याचं सांगितलं. मणी काढलेल्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागतो, त्याशिवाय सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. "डोळा भरलाय आता. या, चष्मा घालून बघू."

"काय बघूचा?" त्या म्हणाल्या.

मी पुष्कळ बोलले. येसूबाईला वाईट वाटेल, असं बोलले. हे बोलायला नको होतं, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते मी उठेपर्यंत. चाळीचा जिना उतरताना मला सरळ दिसत होतं की ही बाई पावसाळा बघत नाही. आमच्या वॉर्डात डोळा वाचवायची सगळी विद्या होती. डोळा वाचलेल्या माणसाला त्यापुढे काय द्यायचं, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी फिलोमिनाला हे सांगितलं. खोट्यावरून आमचा अबोला तसा अजून पुरता संपला नव्हता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सत्यभामाबाईंना हाताला धरून वॉर्डाचा जिना चढताना दिसली. मी धावत गेले. "काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. उठा म्हटलं. उठल्या."

खरंच एवढंच झालं की आणखी काही, ते तिने मला कधी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत मी तिला विचारत होते.

सत्यभामाबाईंनी चष्मा दोन्ही हातांनी नाकावर बसवला. भिंगातून आधी त्यांनी स्वतःचा तळवा बघितला, मग खिडकी, मग मला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढीशी गो तू? आवाजावरसून माका वाटला, चांगली दांडगी आसशीत." फिलोमिना फिस्सकन हसली. त्या हसल्या नाहीत.

ती पेज द्यायची वेळ होती. आया पेले घेऊन खाटाखाटांवरून फिरत होती. कोपऱ्यातल्या खाटेवर अँटॉप हिलची एक म्हातारी होती. आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळे बांधलेले, घरचं कुणी येणारं नाही. आयाने पेला तोंडाला लावला तर ती घाबरून हाताने चाचपायला लागली, मान उचलायला लागली. पेज गळ्यावरून उशीवर सांडली. मी तिकडे निघाले, पण माझ्या आधी सत्यभामाबाई उठल्या होत्या. जमीन कुठे वर कुठे खाली ते नव्या चष्म्यातून कळत नव्हतं, म्हणून खाटांच्या दांड्या धरत धरत त्या गेल्या, आणि आयाच्या हातून पेला घेतला.

"मान खाली ठेव," त्या म्हणाल्या. "मी हंयसर आसंय. तू फक्त आ कर."

म्हातारीने हाताने त्यांची बांगडी नसलेली मनगटं चाचपली, आणि मान खाली टेकवली. एक घोट गेला. मग दुसरा.

"आनी मोठा आ कर. काय गो, ल्हान पोर काय तू?"

मी खाटेच्या पायाशी उभी होते. जाड भिंगाच्या खालून पाणी ओघळत होतं. गालांवरून, हनुवटीवरून, पदरावर. आवाज नाही, हुंदका नाही. खांदासुद्धा हलत नव्हता. पेला मात्र एका सुरात वर खाली होत होता, आणि प्रत्येक घोटाला त्या "हां, शाब्बास" म्हणत होत्या. फिलोमिना माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाई," ती पट्टीतली म्हातारी म्हणाली, "तुमचा आवाज असा का येतो?"

"पडसा झाला माका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तू पी."

पेज संपली. त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं, हनुवटीखालची सांडलेली पेज पुसली. मग चष्मा काढून त्याच पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि वॉर्डभर नजर फिरवून मला विचारलं, "आता कोण ऱ्हवला गो?"